सोळा मैलांची चाल

आलापल्लीच्या आखाड्यात भैयाजीच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. रोज पाचशे जोर, पाचशे बैठका. मांड्या अशा की धोतर पुरू नये. कसरत करत नाही तो माणूसच नाही, असं त्याचं साधं मत. गावाबाहेरच्या टोल्यावरच्या वस्तीतला झिंगू लाकूडतोडीला जायचा. त्याला एकदा आखाड्यात बोलावलं तर म्हणाला, "दिवसभर लाकडं वाह्यतो न भाऊ, आनखी उठबस काऊन करू?" भैयाजी पोट धरधरून हसला होता. "आळशी जात," म्हणाला होता, तेही त्याच्या तोंडावर.

चौपन्न साली जंगलखात्यात नाकेदाराची भरती निघाली. परीक्षा एकच. लाकडाच्या डेपोवरून आठ मैलांच्या दगडापर्यंत जायचं, चार तासांत परत यायचं. वेळेत येईल त्याला नोकरी. भैयाजीही उभा राहिला, झिंगूही.

आता पाहा पैलवानाची अक्कल! अंग मोकळं व्हावं म्हणून यानं पहाटेच तीनशे बैठका मारल्या, वर शेरभर दूध तूप घालून ढोसलं. झिंगू पेज पिऊन अनवाणी आला.

परतताना डेपो दीड मैल उरला आणि भैयाजीच्या मांड्यांत गोळे आले. साधेसुधे नाहीत, रडवणारे. तो रस्त्यातच बसला. बाकीचे पुढे निघून गेले. झिंगू तेवढा मागे फिरला, त्याला पाठीवर घेतलं अन् चालू लागला. भैयाजीला लाज वाटत होती. पण उतरावंसं वाटत नव्हतं, हेही खरं.

डेपोच्या वळणाशी आखाड्यातल्या पोरांचा गलका ऐकू आला, तसा तो दचकला.

"उतरव मले. इथीच उतरव."

गोळे ओसरले होते.

"तू बस जरा. मी पुढं जातो, तू मागून ये. संग गेलो तं लोक काय म्हनतीन?"

झिंगूजवळ घड्याळ नव्हतं. भैयाजीच्या मनगटावर होतं. वेळ संपायला सहा मिनिटं होती. ते त्यानं सांगितलं नाही.

"बरं भाऊ," म्हणून झिंगू झाडाखाली बसला.

भैयाजी लंगडत का होईना, वेळेत पोचला. पोरांनी हार घातला. जंगलखात्याचे साहेब म्हणाले, "याला म्हणतात कसरतीचं शरीर!" झिंगू आला तेव्हा वेळ संपल्याची शिट्टी होऊन गेली होती.

"काऊन रे, कुठी राह्यला?" डेपोतल्या बाबूनं विचारलं.

झिंगूनं भैयाजीकडे पाहिलं. अहो, दोन शब्द बोलायचे होते फक्त! भैयाजीनं मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायला घेतली.

"दम लागला साहेब," झिंगू म्हणाला. "बसलो होतो."

पोरं खो-खो हसली. भैयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गळ्यातला हार काही त्यानं काढला नाही.

भैयाजीला नोकरी लागली. झिंगू लाकडंच वाहत राहिला. आखाडा मात्र भैयाजीनं कायमचा सोडला. त्याचा चेला मुखरू भेटला की दर वेळी विचारायचा, "उस्ताद, काऊन येत नाई?"

"पाय दुखते," भैयाजी खाली पाहून सांगायचा. पाय ठणठणीत होते.