सात नंबरचा हेडफोन आणि न बोलणारा टाउनो

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या डाव्या कानाची गादी फाटली आहे, माईकची दांडी चिकटपट्टीने बांधलेली आहे आणि डोक्यावरच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने सात हा आकडा लिहिला आहे. नाव म्हणाल तर तेच माझं नाव.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतो तो खोक्यातला अंधार, आणि मग खोकं उघडल्यावर दिसलेली खोली. ती फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावातल्या प्रौढ शिक्षण केंद्राची होती. आम्ही बारा भावंडं एकदम तिथे आलो. दुपारच्या वेळी शाळेतली मुलं यायची, बूट बाहेर काढून लोकरीच्या मोज्यांनी आत धावायची आणि संगणकावर खेळताना आम्हाला डोक्यावर चढवायची. पहिल्या चार वर्षांत मी ज्या शिव्या ऐकल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. कौतुकही झालं. जिल्ह्याच्या स्पर्धेत जिंकलेल्या एका मुलीचा फोटो पेपरात आला होता, त्यात तिच्या डोक्यावर मी होतो. पुढच्याच वर्षी एकाने हरल्याच्या रागात मला टेबलावर आपटलं आणि माझी दांडी मोडली. मग बिनतारी हेडफोन आले. माझी रवानगी कपाटात झाली, बंद पडलेल्या प्रोजेक्टरच्या शेजारी. तिथे मी दोन वर्षं पडून होतो आणि कोणाला माझी आठवणही आली नाही.

मग एका जानेवारीत कपाट उघडलं. केंद्राने नवा वर्ग काढला होता: पाच जणांच्या संघाने संगणकावर खेळायचा बंदुकांचा खेळ, पन्नाशीच्या पुढच्या नवशिक्यांसाठी. शिकवणारी एरिका चोवीस वर्षांची होती. नावं सहा जणांनी दिली आणि धड चालणारे नवे हेडफोन निघाले पाच. म्हणून मला बाहेर काढून पुसलं.

ज्याच्या वाट्याला मी आलो त्याचं नाव टाउनो. वय छप्पन्न. बावीस वर्षं त्याने जंगलात झाडं तोडणारं मोठं यंत्र चालवलं होतं, आणि आता पाठीने दगा दिल्यामुळे तो घरी बसला होता. वर्गाला तो सगळ्यांच्या आधी आला, पण बाकीच्यांनी आपापला हेडफोन उचलेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला. उरलो तो मी. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं, खिशातून चिकटपट्टी काढली आणि माझी दांडी नीट बांधून घेतली. त्या क्षणापासून मला तो माणूस आवडायला लागला, हे मी लपवत नाही.

एरिकाने प्रत्येकाला विचारलं, हा खेळ का शिकायचाय? गावात टपाल वाटणारी सिनिक्का म्हणाली, "नातवंडं मला म्हातारी समजतात. त्यांना एकदा खेळात लोळवायचंय." निवृत्त गणिताचे मास्तर पेंटी म्हणाले, हिवाळा लांब असतो. मासेमारीचं सामान विकणारं एक जोडपं आणि काउको नावाचा बेकरीवाला यांनीही काहीबाही सांगितलं. टाउनोची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मुलगी खेळते."

एवढंच. बाकीचं एरिकाने पुढच्या आठवड्यांत कॉफीच्या वेळी थोडं थोडं करून त्याच्याकडून काढून घेतलं. मुलीचं नाव ईरिस. ती दूर दक्षिणेला तुर्कू शहरात राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. टाउनोची बायको होती तोवर फोनवर ती बोलायची आणि हा मागे बसून मान डोलवायचा. चार वर्षांपूर्वी बायको गेली आणि फोन ह्याच्या हातात आला. पाऊस, बर्फ, गाडीचे टायर, की संपलं. हल्ली तर ईरिस एखादा रविवार विसरायलाही लागली होती. मग एकदा तीच म्हणाली, "बाबा, तू हा खेळ शिकलास तर आपण एकत्र खेळू. निदान काहीतरी करता करता बोलू." म्हणून हा गडी बर्फातून गाडी काढून दर मंगळवारी वर्गाला यायचा. त्याला खेळ शिकायचा नव्हता, त्याला मुलगी हवी होती.

आता खेळाविषयी. दोन संघ, पाच विरुद्ध पाच. एकाने ठरलेल्या जागी स्फोटकं लावायची, दुसऱ्याने ती लावू द्यायची नाहीत. मेलात तर तो डाव संपेपर्यंत हात बांधून बघत बसायचं. तेरा डाव आधी जिंकेल तो संघ विजयी. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या दिवशी टाउनो निम्मा वेळ जमिनीकडे आणि निम्मा वेळ आभाळाकडे बघत चालला. सिनिक्काने स्वतःच्याच पायाशी बॉम्ब टाकला आणि दोनदा म्हणाली, "हे कोणी केलं?" पेंटी मास्तर दारात उभे राहून विचार करायचे आणि तिथेच मरायचे. एरिका न कंटाळता तेच तेच सांगत राहिली. धावता धावता गोळी झाडू नका, थांबा आणि मग झाडा. नेम जमिनीवर ठेवू नका, माणसाचं डोकं जिथे दिसेल त्या उंचीवर ठेवा. दारात रेंगाळू नका. शत्रू जवळ असेल तर हळू चाला, पावलं ऐकू जातात.

एकदा तिने नकाशातल्या, म्हणजे खेळातल्या वाळवंटी शहरातल्या, जागांना नावं द्यायला सांगितली, म्हणजे एकमेकांना चटकन सांगता येईल. मग ह्या मंडळींनी त्या परक्या वाळवंटी शहराला आपल्या गावाची नावं देऊन टाकली. लांब बोळाला टपालाचा रस्ता, उंच जिन्याला चर्चची पायरी, पिंपांच्या चौकाला सहकारी दुकान. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा हसू ऐकू आलं.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. ही मंडळी बोलतच नव्हती. सहा माणसांच्या तोंडासमोर सहा माईक, आणि आत फक्त श्वासांचे आवाज. शाळेतल्या पोरांच्या आरडाओरड्यात आयुष्य काढलेल्या मला वाटलं, आपण बिघडलो की काय!

हळूहळू बाकीचे बोलायला लागले. सिनिक्का तर सुटलीच. टाउनो मात्र मुका तो मुकाच. आणि गंमत बघा, सगळ्यात चांगली नजर त्याचीच होती. वीस फुटांवरून झाड आतून पोकळ आहे की भरीव, हे ओळखणारा माणूस तो. भिंतीमागून बाहेर आलेलं बंदुकीचं टोक त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं. माझ्या दांडीवर त्याचा श्वास थांबलेला मला कळायचा. तोंडातून शब्द मात्र निघायचा नाही.

फेब्रुवारीत एरिकाने एक डाव पुन्हा लावून दाखवला. पडदा थांबवून ती म्हणाली, "टाउनो, हा माणूस तुम्हाला दिसला. बरोबर?"

"हो."

"त्यानंतर सहा सेकंदांनी त्याने सिनिक्काला मारलं. त्या सहा सेकंदांत तुम्ही काय केलंत?"

"बघत होतो."

"तिला सांगितलं का नाही?"

टाउनोने खांदे उडवले. "तिलाही डोळे आहेत की. आपण कशाला सांगायचं? वाईट दिसतं."

"वाईट?" सिनिक्का खुर्चीतून उठलीच. "मी मेले, ते चांगलं दिसलं का रे?"

पेंटी मास्तर टाउनोच्या बाजूने म्हणाले, "त्याचं अगदीच चुकीचं नाही. मोठ्या माणसाला सारखं हे बघ, ते बघ म्हणणं म्हणजे त्याला बिनडोक समजणं. मी मेलो तेव्हा चूक माझीच होती. मला दिसायला हवं होतं."

एरिकाने कपाळावर हात मारला नाही, पण मारावासा वाटला असेल. ह्या देशातली माणसं शेजाऱ्याच्या अंगणातला बर्फ न सांगता काढून देतील, पण त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलंय हे सांगायला लाजतील. मी त्यांच्यात वाढलो आहे, म्हणून बोलतो.

मार्चच्या एका शनिवारी शेजारच्या गावच्या केंद्राशी सामना ठरला. वेळ दुपारी दोनची ठेवली, म्हणजे सगळ्यांना संध्याकाळच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला, वेळेवर घरी पोचता येईल. सामना इंटरनेटवरून कुठूनही बघता येणार होता. टाउनोने रविवारच्या फोनवर ईरिसला हे सांगितलं, आणि ती म्हणाली, "तू खेळणार? मग मी बघणारच." त्यानंतरच्या मंगळवारी त्याने हे एरिकाला सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला कळलं, कारण मी त्यांच्यावरच बसलो होतो.

पण संघ पाच जणांचा, आणि माणसं सहा. कर्णधार सिनिक्का होती आणि ती आडपडदा ठेवणारी बाई नव्हे. "टाउनो, स्पष्ट सांगते. पहिले पाच डाव तू खेळ. तोंड उघडलं नाहीस तर सहाव्याला काउको बसेल. त्याचा नेम तुझ्याहून वाईट आहे, पण निदान ओरडतो तरी."

"बरं," टाउनो म्हणाला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर एरिकाने त्याला थांबवून घेतलं. रिकाम्या नकाशात त्याला चालायला लावलं आणि दिसेल ते मोठ्याने म्हणायला सांगितलं. "भिंत," टाउनो म्हणाला. "दार. पिंप." आणि मग थांबला. "हे काय पोरखेळ आहे."

"जंगलात तुमचं यंत्र झाड पाडत असताना खाली कोणी आला, तर तुम्ही काय करता?"

"भोंगा वाजवतो."

"तेव्हा नाही वाटत, त्यालाही डोळे आहेत म्हणून?"

टाउनोने मान खाजवली. मग म्हणाला, "ह्या खेळात भोंगा आहे का?"

"आहे ना. तुमच्या तोंडासमोरच आहे."

त्याने माझी दांडी बोटाने थोडी जवळ ओढली.

शनिवारी काउकोने वेलदोड्याचे गोड पाव आणले होते, पण कोणी त्यांना हात लावला नाही. पहिले चार डाव आमचे लोक हरले. टाउनोने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. पाचवा सुरू झाला तेव्हा काउको उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. वाईट हेतूने नाही, नियमाप्रमाणे. तुर्कूला एक मुलगी पडद्यासमोर बसली होती, आणि तिच्या बापाला आता उठावं लागणार होतं. मला इतकी चीड कधी आली नव्हती. माझ्या हातात असतं तर मीच बोललो असतो.

सिनिक्का सहकारी दुकानापाशी पिंपाआड बसली होती, तोंड जिन्याकडे करून. टाउनो वर खिडकीत होता. तिच्या पाठीमागच्या बोळातून एक जण हळूहळू सरकत येत होता. टाउनोचा श्वास थांबला. एक सेकंद. दोन.

"सिनिक्का, मागे."

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस बंद असलेल्या दारासारखा. सिनिक्का गर्रकन वळली आणि तिने त्याला टिपलं. टाउनो मात्र थांबला नाही. "टपालाच्या रस्त्यावर दोघं. पुढच्याला गोळी लागलीय, लंगडतोय. मागचा थांबला. आता निघाला. पेंटी, दारातून हला. चौथा चर्चच्या पायरीवर, एकटाच आहे." रेडिओवर हवामान सांगावं तसा तो एकसुरात सांगत गेला. तो डाव आम्ही जिंकलो. काउको जाऊन परत बसला आणि त्याने एक पाव खाल्ला.

सामना मात्र आम्ही हरलो, तेरा विरुद्ध नऊ. टाउनोने पूर्ण खेळात फक्त तिघांना मारलं. पण बोलायचा तो शेवटपर्यंत बोलला. "पुरे रे बाबा," सिनिक्का शेवटी म्हणाली, "माझे कान किटले," आणि तिने त्याच्या पाठीवर असा धपाटा घातला की तो दुखऱ्या पाठीने कळवळला.

मे महिन्यात केंद्राने जुनं सामान मोडीत काढायचं ठरवलं. त्यात मी होतो. टाउनोने विचारलं, "हा मी नेऊ?" आणि मी त्याच्या स्वयंपाकघरात आलो. तिथे खिडकीशेजारी एका खिळ्यावर मी राहतो. रविवारी फोन येत नाही आता. सकाळी अकरा वाजता टाउनो कॉफीचा मग घेऊन संगणकासमोर बसतो, मला डोक्यावर घेतो आणि तिकडून आवाज येतो, "बाबा, आलास?" ईरिस फार चांगली खेळते. बाप तिला शत्रू कुठे कुठे आहेत ते सांगतो आणि ती त्यांचा निकाल लावते.

जूनमधल्या एका रविवारी दोघं एका कोपऱ्यात दबा धरून बसले होते. शत्रूचा पत्ता नव्हता. ईरिस म्हणाली, "काही दिसतंय?"

"नाही," टाउनो म्हणाला. मग त्याचा श्वास थांबला. तो मला पाठ आहे. "ईरिस, नाताळात आली होतीस तेव्हा तू सरपणाच्या खोलीत रडत होतीस. मला दिसलं होतं."

तिकडे तिची खुर्ची करकरली.

"मग आत का नाही आलास?"

"वाटलं, मोठी आहेस. तुझं तू बघशील. चुकलं माझं. काय झालं होतं?"

शत्रूचे दोघं समोरून आले आणि त्यांनी बापलेकीला उभ्या जागी टिपलं. एकानेही माऊसला हात लावला नाही. मग ईरिस बोलायला लागली. ती काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. तासाभराने टाउनोने मला उतरवलं तेव्हा त्याची कॉफी गार झाली होती आणि माझी फाटकी गादी ओली होती.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालेन असं नाही. माझ्यासारखा एखादा तुमच्या घरी असेल तर त्याची वायर घट्ट गुंडाळू नका, ती आतून तुटते. हरलात तर त्याला आपटू नका. आणि आपल्या माणसाचं काही दुखतंय असं दिसलं, तर त्याच दिवशी त्याला विचारा. टाउनोला तेवढ्यासाठी सहा महिने लागले आणि एक अख्खा खेळ शिकावा लागला.