ओवाळलेला तुकडा

आधीच सांगते, मी काही भूतदया करत फिरणारी बाई नाही. पाल दिसली तर अजूनही उल्हासला ऑफिसात फोन लावते, मग तो तोयोसुला मीटिंगमध्ये का बसलेला असेना. पण अंबरीष कॉलेजसाठी साप्पोरोला गेला आणि ओजिमातलं आमचं घर असं काही गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. फोनवर विचारावं, "जेवलास का रे?" तर हा जपानीत म्हणतो, "उन्." म्हणजे हो. संपलं संभाषण. मराठीत निदान "हो गं आई" तरी म्हण की मेल्या!

म्हणून कुत्रं आणायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. दुकानातलं महागडं नको, लोकांनी टाकून दिलेलं आणायचं, हेही मीच ठरवलं. अशी कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेतल्या ओकुबोसान एका दुपारी पिंजरा घेऊन आल्या. साठीच्या, बारक्या, शिस्तीच्या. पिंजऱ्यात फिकट पिवळ्या केसांचा एवढासा जीव, कोपऱ्याला अंग चिकटवून बसलेला. नाव किनाको. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. उल्हासने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अगं नयना, हे तर मेतकूट!" झालं. संध्याकाळपर्यंत बारसं आटोपलं होतं.

जाताना ओकुबोसाननी एक अट घातली. "काही आठवडे ठेवून बघा. मग एका रविवारी मी येईन. तेव्हा ती छातीचा पट्टा घालून, दोरीने तुमच्याबरोबर खाली रस्त्यावर चालायला हवी. नाही जमलं, तर मला तिला परत न्यावं लागेल."

मी म्हटलं, "एवढंच ना?"

"एवढंच. पण त्यात आम्ही सूट देत नाही. भूकंप झाला की माणसं दारं उघडी टाकून बाहेर धावतात. पट्ट्याची सवय नसलेली लहान कुत्री घाबरून सुटतात, ती पुन्हा सापडत नाहीत." मग बूट घालता घालता हळूच म्हणाल्या, "दोन घरांतून परत आलीय ती."

दोन घरांतून! दार लावलं आणि मी मेतकूटला सांगून टाकलं, "इथून कोणी तुला परत पाठवत नाही. मी बसलेय इथे." ती सोफ्याखाली होती. ऐकलं की नाही, देव जाणे.

मेतकूट गोड होती हो. दोन दिवसांत माझ्या पायात घोटाळायला लागली. मी कणीक मळताना ओट्याखाली बसायची, वरणाच्या शिट्ट्या मोजल्यासारखी कान हलवायची. पण पट्टा हातात घेतला रे घेतला की सोफ्याखाली. नुसती जायची नाही, तिथे लघवी करून थरथरत बसायची. हाताला चावली असती तर बरं झालं असतं, मला राग तरी आला असता. ती डोळे मिटून घ्यायची, जे काय करायचं ते उरका एकदाचं म्हणून. ते मला बघवायचं नाही.

उल्हासने नेहमीप्रमाणे त्याचं प्रोजेक्ट केलं. "फेज वन, ओळख. पट्टा जमिनीवर ठेवायचा, शेजारी चिकन. फेज टू, स्पर्श." चिकन मेतकूटने लांबून मान ताणून खाल्लं आणि पट्ट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फेज टूला तो दारातून पट्टा घेऊन आला तर ही पसार. "तुझ्या फेजा राहू देत ऑफिसात," मी खेकसले. "ती काय तुझी क्लायंट आहे?"

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, नवा कडक नायलॉनचा पट्टा, त्याच्या त्या टक्कन लागणारी बक्कलं. टोचत असेल. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तरी कुठे नवं कापड घालतात? माझी एक मऊसूत झालेली सुती साडी होती, तिचं झबलं शिवलं, पोटावर बंद ठेवले. मेतकूटने ते मुकाट्याने घालून घेतलं! बंद बांधताना माझा हात चाटला. दिवसभर झबलं घालून घरभर मिरवली, त्यातच झोपली. मी उल्हासपुढे नाक वर करून फिरले. दुसऱ्या दिवशी झबल्यावरून घालायला पट्टा काढला, आणि ही झबल्यासकट सोफ्याखाली.

तेव्हा मात्र मी खाली बसले. अंगावर काही घातल्याचं तिला वावडं नव्हतं. बांधल्याचंही नव्हतं. मग या पट्ट्यानेच काय घोडं मारलं होतं?

ओकुबोसानना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नयनासान, ती आधीच्या घरांतही कधी फिरायला गेलेली नाही. तिला पट्टा दोनदाच घातला गेला. दोन्ही वेळा दारात. मग पिंजरा, मग गाडी. ती घरं तिला पुन्हा दिसली नाहीत."

फोन ठेवला आणि मला रडूच आलं. कारण आमचा पट्टा कुठे होता? दारात. बूट काढायच्या जागेशी, खुंटीवर. मीच फर्मान काढलं होतं की रस्त्यावरची वस्तू घरात येणार नाही. म्हणजे मी रोज दारात उभी राहून पट्टा काढायचे आणि तिला गोड आवाजात बोलवायचे. तिच्या लेखी मी रोज तिला घरातून काढत होते.

माझी आई कोणाला "जाते" म्हणू द्यायची नाही. बाजारात कोथिंबीर आणायला निघालं तरी "येते" म्हणायचं. एकदा मी रागाने "जाते मी" म्हणाले तर पायरीवरून परत बोलावून "येते" म्हणायला लावलं होतं. या बिचारीला कोणी "येते" शिकवलंच नव्हतं. बाहेर जायला शिकवून काय उपयोग? तिला परत यायला शिकवायला हवं होतं.

पट्टा स्वयंपाकघरात आला, माझ्या एप्रनशेजारी. सोवळं गेलं खड्ड्यात! रोज भाजी चिरायला बसताना मी तो माझ्या मांडीवर ठेवायचे. मग तिच्या पाठीवर. मग एके दिवशी घातला, टक्कन बक्कल लावलं, आणि काही म्हणता काही केलं नाही. भाजी चिरत राहिले. कोणी दार उघडलं नाही, गाडी आली नाही. ती ओट्याखाली थरथरत उभी होती. भाजी फोडणीला पडली तोवर खाली बसली होती.

आता प्रश्न दाराचा. चिकन देऊन बाहेर काढता आलं असतं, पण मला बाहेर जाण्याचं बक्षीस नकोच होतं, परत येण्याचं हवं होतं. आणि मला भाकरतुकडा आठवला. अंबरीषला हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा माझी आई इथे आली होती. दारातच आम्हाला अडवून तिने त्याच्यावरून पोळीचा तुकडा आणि पाणी ओवाळलं, आणि तुकडा दिला कठड्यावरून भिरकावून. तो पडला खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या गादीवर! खालच्या बाई वर आल्या, आई त्यांना हसून नमस्कार करतेय, आणि मी माफ्या मागतेय. पण घरात येणाऱ्या जिवाचं असं स्वागत व्हायला हवं, यात आईचं काय चुकलं?

तर मी तेच सुरू केलं. आधी स्टीलच्या ताटलीत पोळीचा तुकडा आणि वाटीभर पाणी घ्यायचं, ताटली मेतकूटला दाखवून बुटांच्या कपाटावर ठेवायची, आणि म्हणायचं, "चल गं मेतकूट, जाऊन येऊ." पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून लगेच आत. आत आली की तुकडा ओवाळायचा आणि तिला द्यायचा.

उल्हासने डोक्याला हात लावला. "अगं, ओवाळलेला तुकडा टाकायचा असतो! तिलाच कसला खायला घालतेस?"

"टाकू कुठे? जळणाऱ्या कचऱ्यात की न जळणाऱ्या? आणि टाकलेला तुकडा शेवटी कुत्र्यालाच जातो ना? मग कुत्र्याच्या तुकड्याला मध्यस्थ कशाला?"

"फेज थ्री," म्हणत उल्हासने रिकामी ताटली उचलून ठेवली.

दारापर्यंत, मग लिफ्टपर्यंत. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये कुत्र्याला जमिनीवर ठेवायची परवानगी नाही, कडेवरच न्यायचं. मग खाली. मग फुटपाथवर पावलं टाकत झाडापर्यंत. झाडाशी पोचलं की तीच वळायची आणि दोरी ताणून मला घराकडे ओढायची. जाताना गोगलगाय, येताना घोडा. मला चालत होतं.

आणि रविवार आला. मी सकाळपासून घर पुसतेय, ओकुबोसानसाठी शिरा करतेय, उल्हासला उगाच ओरडतेय. बेल वाजली. ओकुबोसान आत आल्या, हातात रिकामा पिंजरा. मेतकूट हॉलमध्ये होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि सोफ्याखाली गेली. पाठोपाठ लघवीचा ओघळ फरशीवर आला.

ओकुबोसान तिथेच गुडघ्यांवर बसल्या. "मला ओळखलं तिने," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा मीच न्यायला गेले होते."

कप्पाळ माझं! एवढी साधी गोष्ट मी विचारलीच नव्हती. मी पट्टा घेऊन सोफ्याशी बसले. "चल गं मेतकूट, जाऊन येऊ." काही नाही. पुन्हा म्हटलं. माझा आवाज कापायला लागला होता, तो तिलाही कळत असणार. उल्हास मागे उभा. मला समोर दिसत होतं, हीच बाई हाच पिंजरा उचलून लिफ्टकडे जाणार आणि मेतकूट जाळीतून बघत राहणार. तिसऱ्यांदा. आणि या वेळी दारात उभी मी असणार.

"ओकुबोसान," मी म्हणाले, "तो पिंजरा आधी घराबाहेर ठेवा." जपानीत पाहुण्याला असं तोंडावर कोणी बोलत नाही. त्यांनी तो बाहेर नेऊन ठेवला.

पिंजरा गेला तरी मेतकूट हलेना. मी दाराकडे पाहिलं. बुटांच्या कपाटावर काहीच नव्हतं. शिऱ्याच्या नादात आज ताटलीच ठेवली नव्हती! म्हणजे आज पट्टा होता, ओकुबोसान होत्या, आणि परत येण्याची खूण नव्हती. मी स्वयंपाकघरात धावले, पोळीचा तुकडा मोडला, वाटीत पाणी घेतलं, आणि ताटली कपाटावर ठेवली. स्टीलचा टण्ण आवाज झाला.

सोफ्याखालून आधी नाक आलं. मग डोळे. तिने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि पोट जमिनीला घासत, थरथरत, ती ओकुबोसानच्या शेजारून माझ्यापर्यंत आली आणि पट्ट्यात मान घातली.

खाली ओकुबोसानची गाडी इमारतीच्या दाराशीच उभी होती. मेतकूट गाडीसमोर थिजली. मी दोरी ओढली नाही. ओकुबोसान मागे उभ्या. मी म्हटलं, "जाऊन येऊ गं." तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. गाडी मागे पडली. झाडापर्यंत गेली, झाड हुंगलं, वळली, आणि आम्हाला सगळ्यांना ओढत घरी निघाली.

दारात आल्यावर आत उडी मारून बसली, तोंड वर करून. मी तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं. तिने तुकडा मटकावला. ओकुबोसान उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी या कुत्र्यांना दारातून बाहेर नेते. आपल्या पायांनी आत येताना कधी बघितलंच नाही."

मला काय झालं कोणास ठाऊक. "हलू नका," म्हटलं. पोळीचा दुसरा तुकडा मोडला आणि त्यांच्यावरून ओवाळला. उल्हास पुटपुटला, "नयना, अगं त्यांना काय वाटेल!" मी तो तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. आत या म्हटलं.

ओकुबोसान बूट काढून आत आल्या आणि फरशीवर बसल्या, तळहात उघडा ठेवून. मेतकूट लांबून बघत राहिली. शिरा निवला. मग ती उठली, अगदी सावकाश त्यांच्या हातापर्यंत गेली, आणि तुकडा उचलला. पळाली नाही, तिथेच उभी राहून खाल्ला. ओकुबोसान दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या आणि तो पहिला हात त्यांनी जराही हलवला नाही.

निघताना त्या वाकून जपानीत म्हणाल्या, "जाते मी." मी म्हटलं, "आमच्या घरातून जायचं नाही. 'येते' म्हणायचं." त्यांनी तो मराठी शब्द दोनदा घोकला. "येते," म्हणाल्या, आणि रिकामा पिंजरा उचलून लिफ्टकडे निघाल्या.

दार सताड उघडं होतं. मेतकूटच्या अंगात अजून पट्टा होता. ती माझ्या पायाशी उभी राहून लिफ्ट बंद होईपर्यंत बघत होती. मग वळली, आपली आपण आत गेली आणि ओट्याखाली जाऊन बसली. मी दार लावलं आणि कणीक मळायला घेतली.