कपाच्या काठावरचं पिरिडीन

मित्रांनो, नाक मुरडलंत ना? हरकत नाही, सवय आहे मला. मी पिरिडीन नावाचं एक जुनं रसायन आहे. पाच कार्बन आणि एक नायट्रोजन रिंगण धरून उभे राहतात, तेच माझं शरीर. कोळशाच्या डांबरातून मला वेगळं काढलं, तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही. झाकण जरा सैल झालं, की मी बाहेर!

आमच्या कुळातली काही भावंडं क्षयाच्या गोळ्यांसाठी कामी आली. त्यांचं कोण कौतुक! मला मात्र स्पिरिटमध्ये मिसळलं, का तर ते कोणी पिऊ नये म्हणून. नुसती घाण मारायची, एवढंच माझं काम. मनाला फार लागलं.

त्या स्पिरिटचा एक डबा लाकडी फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एकाकडे आला. त्यानं नुकतीच दारू सोडली होती. एका दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, लग्नाला येऊ नका. मागच्यासारखा तमाशा नको."

त्यानं फोन ठेवला. मग उठला आणि डब्यातलं स्पिरिट कपात ओतलं.

माझा जीव खालीवर होऊ लागला. ते विष होतं, आणि मला ओरडायला तोंड नव्हतं. होता नव्हता तेवढा वास मी उधळला. त्याला उमासा आला. त्यानं नाक दाबलं आणि कप पुन्हा उचलला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत वेताच्या खुर्च्या विणणारी त्याची बहीण धावत आली.

"दादा, वास कसला हा?"

"पॉलिशचा."

"मग पॉलिश कपात कशाला?"

त्यानं कप तोंडाला न लावताच खाली ठेवला. "येऊ नका म्हणाली गं," तो म्हणाला.

"तिच्याशी मी बोलते. तू आधी दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे चल."

लग्नाला तो गेला. बहिणीशेजारी, शेवटच्या रांगेत बसला. मुलीनं लांबूनच हात केला म्हणे. दुसऱ्या दिवशी पॉलिश करताना तो बहिणीला तेच परत परत सांगत होता.

मित्रांनो, मला पाण्याच्या बाटलीत भरू नका. डब्यावरचं नाव खरवडू नका. काम करताना खिडकी उघडी ठेवा. आणि माझा वास आला तर खुशाल शिव्या घाला. फक्त तो कुठून येतोय, ते एकदा उठून बघा.