चिरा जरा मोठा घ्या

शांतादेवीचा उजवा खांदा नवा बसला. चिरा एवढासा, की उद्या डॉक्टरलाच शोधायला सांगितलं तर तोही चष्मा मागेल. ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी झालं आणि वीरभद्रअप्पांच्या घरातलं उरलंसुरलं बोलणं त्याच दिवशी संपलं.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. अप्पांनीही पहिले काही दिवस तसंच धरलं होतं. त्यांना ते जमलं नाही, आपल्याला जमेल.

तर, नेकनूरच्या बाजारात अप्पांचं किराणा दुकान. पुडी बांधावी तर त्यांनीच. गिऱ्हाईकाला गाठ सोडायला दात लावावे लागत. त्याच हातांनी ते रोज सकाळी बायकोची वेणी घालत. शांतादेवीच्या खांद्यातली गादी झिजून हाडाला हाड घासत होतं, हात छातीच्या वर जाईना. पोरगी रोहिणी लातूरला दिलेली. शेजारणींच्या हाती डोकं द्यावं, तर त्या विंचरताना हळहळायच्या. उरले अप्पा. पहिली वेणी त्यांनी शेंगदाण्याच्या पुड्यासारखी आवळली. शांतादेवी आरशात बघून म्हणाली, "आता हिच्यावर भावबी लिहून टाका."

बसू गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

बसू म्हणजे बसवेश्वर, त्यांचा एकुलता मुलगा. दुकानातली चहापत्ती संपली म्हणून अप्पांनीच त्याला बीडला पिटाळलं. येताना मांजरसुंब्याच्या घाटात काळीपिवळी जीप उलटली. चहापत्तीला काही झालं नाही. पंचनामा झाल्यावर पोलिसांनी ती इमानदारीनं दुकानात आणून दिली.

शांतादेवीनं अप्पांना दोष दिला नाही. नुसतं बोलणं सोडलं. "तुमच्याकडं बघितलं की त्याचंच नाक दिसतं," एवढंच एकदा म्हणाली.

वेणी घालताना मात्र तिची पाठ असायची. नाक दिसायचं नाही. मग ती बोलायची, आणि फक्त बसूचंच.

"सातवीत नापास झालता तो. प्रगतीपुस्तकावर तुमची सही मीच केलती."

"मला तर म्हणला, दुसरा आलो."

"खालून आलता."

अप्पा 'वाकडी झाली' म्हणून चांगली वेणी सोडायचे, पुन्हा घालायचे. जिवंतपणी पोरगा त्यांना जेवढा भेटला नव्हता, तेवढा त्या केसांत भेटत होता. दुकान उशिरा उघडायला लागलं. धुळाजी नावाचा त्यांचा जुना दोस्त बंद फळ्यांसमोर बसून राहायचा. "पावशेर साखर द्यायला इतका शिणगार कावून लागतो बे तुला?" म्हणायचा.

पण खांदा ठणकायला लागला की शांतादेवी पदराचा बोळा तोंडात कोंबायची. ते बघवेना, म्हणून पुण्याला न्यायचं अप्पांनीच ठरवलं. निघायच्या सकाळी वेणी घालताना ती म्हणाली, "बीडला निघायच्या आधी बसू तुमच्याबद्दल एक बोललता."

अप्पांचे हात थांबले. तेवढ्यात दारातून धुळाजी ओरडला, "एसटी आली!"

"आल्यावर सांगते," ती म्हणाली.

पुण्याचा डॉक्टर तरुण होता, आणि नव्या पद्धतीवर त्याचा फार जीव. टेबलावरचा प्लास्टिकचा खांदा फिरवत त्यानं समजावलं, "पूर्वी मोठा चिरा घ्यायचे. पुढचा स्नायू हाडापासून कापायचा, धातूचा गोळा बसवायचा, स्नायू परत शिवायचा. मग हात बरेच दिवस झोळीत. आता आपण छोट्या चिऱ्यातून, स्नायू न कापता, मधल्या फटीतून आत जातो. थोड्याच आठवड्यांत आजी स्वतःची वेणी स्वतः घालतील."

"आणि जुन्या पद्धतीनं?" अप्पांनी विचारलं.

"काही महिने. शिवण उसवली तर आणखी."

"मंग जुनीच करा. चिरा जरा मोठा घ्या."

डॉक्टरनं प्लास्टिकचा खांदा खाली ठेवला. "काका, लोक चिरा लहान घ्या म्हणून मागं लागतात!"

"लोकांचं लोकांपाशी. आमी किराणावाले. आमाला माप सढळ लागतं."

"डॉक्टरसाहेब, यांचं ऐकू नका," शांतादेवी प्लास्टिकच्या खांद्याकडं बघत म्हणाली.

चिरा लहानच घेतला. हात झोळीत होता तोवर लातूरहून रोहिणी येऊन राहिली. वेणी तीच घालायची. ती सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा तेलाची बाटली घेऊन पाटामागं जाऊन बसले. शांतादेवीची वेणी घालून झाली होती.

"वाकडी झालीय," अप्पा म्हणाले.

"असू द्या. दोन हात धड असताना नवऱ्याकडून वेणी घालून घेऊ व्हय? लोक काय म्हणतील?"

"बसू काय बोललता, ते..."

ती वळली. नाक दिसलं. ती उठून भांडी घासायला गेली. हात सुरेख चालत होता.

मग अप्पांनी युक्ती केली. ते भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. चहा भिंतीकडं तोंड करून, भाकरी भिंतीकडं तोंड करून.

"भिताडाकडं बघत कावून बसलात? मान धरली का?"

"व्हय," अप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शांतादेवीनं बाम आणला आणि नव्या खांद्याचा जोर लावून त्यांची मान चोळून दिली. भरपूर चोळली. बसूचं नाव मात्र काढलं नाही.

पुढं तपासणीला पुण्याला गेले, तेव्हा डॉक्टरनं शांतादेवीला हात वर करायला लावला. हात सरळ छताकडं गेला. ते बघायला डॉक्टरनं शेजारच्या खोलीतले दोन डॉक्टरही बोलावले. बाहेर खिडकीपाशी अप्पांच्या हाती अभिप्रायाचा कागद आला. अप्पांनी बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं:

"महोदय, आपले काम उत्तम असून काही तक्रार नाही. तथापि सदर रुग्णाचा उजवा हात रोज सकाळी आंघोळीनंतर अर्धा तास वर जाऊ नये, व त्या अर्ध्या तासात तिला कोणतीही वेदना होऊ नये, अशी दुरुस्ती आपल्या स्तरावरून करून मिळावी. दिवसाचा बाकी वेळ हात रुग्णाकडेच राहील, त्यास अर्जदाराची हरकत नाही. तरी सदर विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."