गोलोबाचे ध आणि घ

माझा नवरा अक्षरं काढतो. हस्ताक्षर नव्हे, ते तर त्याचं त्यालाही लागत नाही. छपाईसाठी, पाट्यांसाठी तो अख्खी वर्णमाला नव्याने घडवतो. सध्याची अक्षरं कंपासने काढल्यासारखी, सगळीकडे सारख्याच जाडीची, आणि टोकं अशी गोलसर की बोट फिरवावंसं वाटावं. या गोलाईपायी त्याने नोकरी सोडली. तेव्हापासून मी त्याला गोलोबा म्हणते आणि तो ओ देत नाही.

लहान मुलांच्या एका इस्पितळाला नव्या पाट्या हव्या होत्या. त्यांनी ही अक्षरं घेतली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून पुन्हा जुन्या ऑफिसात औषधांच्या खोक्यांवर बारीक मजकूर बसवायचा, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. त्या धास्तीने त्याची अन्नावरची वासनाच उडाली होती.

नमुन्याचे गुंडाळलेले तक्ते मी सांभाळले, कारण हे महाशय ते बसमध्ये विसरले असते. मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्याने ते भिंतीवर लावले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पहिल्यावर हातभर अक्षरांत होतं, ‘दूध उतू गेलं तरी हा ढिम्म!’ दुसऱ्यावर, ‘आंघोळ कर, ठोंब्या!’

माझी वाक्यं! अक्षरं पारखताना ही माणसं कानावर येईल ते टाइप करतात आणि मग अक्षरांची पोटं, शेपट्या, मधली मोकळी जागा तेवढी बघतात. वाचत कुणी नाही. याच्या कानाला दिवसभर मीच!

मी डोळे वटारले, खोकले. गोलोबा आपला ‘ढ’च्या पोटाचं कौतुक सांगण्यात दंग.

तिसरा तक्ता डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचला. “कधी बघशील माझ्याकडे?”

हे मी ओरडून म्हटलं नव्हतं. त्याच्या पाठीशी उभी राहून हळूच म्हटलं होतं, आणि त्याला ऐकू गेलं नाही अशी माझी समजूत होती.

“ध आणि घ जवळजवळ आले तर गोंधळ होतो का, ते तपासायचं होतं,” गोलोबा उत्साहाने म्हणाला.

“छे, मला नीट वाचता आलं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही वाचलंत का?”

तो भिंतीकडे वळला. पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत त्याने ते वाचलं. कान लाल झाले.

बाई हसल्या. “इतकी बोलणी, पण या अक्षरांत एकही टोचत नाही. आमच्याकडे येणारे आईबाप आधीच घाबरलेले असतात. आम्हाला हीच हवीत. मजकूर तेवढा बदला.”

ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो होकार मिळाला, पण गोलोबाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. मला भरून आलं आणि रागही आला. त्या परक्या खोलीत, डॉक्टरीणबाईंसमोर ही काय बघायची वेळ?

“अरे, त्यांना हो म्हण ना!” मी म्हटलं.

“थांब,” तो म्हणाला, “वाचतोय.”