गळ्याचं माप

“हलू नकोस. श्वास सोड. हं.”

मास्तरांनी बायकोच्या मानेवर, कानाच्या जरा खाली, गाठीवरून अलगद टेप ठेवला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. आकडा वाचला. पुन्हा वाचला. चाळीस वर्षं शिंपीकामात लोकांचे गळे, छात्या आणि ढेऱ्या मापल्या होत्या. आकडा एकदा वाचला की काम संपलं. आज मात्र दोनदा वाचूनही विश्वास बसेना.

“किती?” तिने विचारलं.

“आहे तेवढीच.”

गेल्या शुक्रवारपेक्षा गाठ दोन सूत वाढली होती, म्हणजे पाव इंच. मास्तरांनी मापाच्या वहीत, एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या मापाखाली, बारीक अक्षरात आकडा टाकला आणि वही पटकन मिटली.

गाठ टीबीची होती. फुफ्फुसात नाही, मानेत. दवाखान्यात सुई घालून तपासलं आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी चार. तेव्हा ती बोराएवढी होती आणि बायको हसली होती. “तुमची-माझी गाठ पडली त्याला तेहेतीस वर्षं झाली. आता ही दुसरी. बघू कोणती जास्त टिकते.” मास्तरांना हसू आलं नव्हतं. विनोद कळायला त्यांना तसाही वेळच लागे.

पहिला महिना बरा गेला. ताप उतरला, तिला भूक लागू लागली, गाठही थोडी बसली. मग सहाव्या आठवड्यात एकाएकी ती फुगायला लागली. बोराचं लिंबू झालं. वरची कातडी लाल, ताणलेली, तुकतुकीत. शेजारी आणखी एक बारकी उगवली. ताप परत आला.

मास्तर घाबरले. इतके, की शाळेच्या गणवेशाची बाही उलटी कापली, आणि ते गिऱ्हाईक सांगेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही. ज्याच्या हाताखाली ते शिकले त्याने एक धडा त्यांना कान पिरगाळून दिला होता: कापड बिघडतंय असं दिसलं की कात्री थांबवायची, पुढे रेटलं तर उरलेलंही जातं. इथे औषध चालू होतं आणि माप वाढत होतं. म्हणजे औषधच बिघडवत होतं. घाबरलेल्या माणसाला असले सरळ हिशेब फार पटतात.

सोमवारी सकाळी त्यांनी चार गोळ्या पाकिटातून काढल्या, पण तिच्या हातावर ठेवल्या नाहीत.

“डॉक्टरांनी चार दिवस थांबायला सांगितलंय,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

“असं?” ती म्हणाली. “बरं.”

दर शनिवारी दवाखान्यातल्या सिस्टर रिकामी पाकिटं मोजायला यायच्या, म्हणून गोळ्या पाकिटात ठेवून चालणार नव्हतं. आणि तिचं औषध कचऱ्यात टाकायला हात धजेना. जुन्या ओव्हरकोटांच्या बटणांचा एक पत्र्याचा डबा फळीवर मागे पडून होता, वर्षानुवर्षं कुणी उघडला नसेल असा. मास्तरांनी गोळ्या त्यात टाकल्या. मंगळवारी टाकल्या, बुधवारी टाकल्या, गुरुवारीही. घाईघाईने, आत न बघता, चोरासारख्या.

आणि आज शुक्रवारी गाठ दोन सूत वाढली होती. कात्री थांबवली तरी कापड फाटतच चाललं होतं.

“चल,” ते म्हणाले, “दवाखान्यात जाऊ.”

“दुकान?”

“दुकान गेलं खड्ड्यात.”

तेहेतीस वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं. ती निमूटपणे चपला घालायला गेली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी गाठ दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली. ती मध्ये मऊ लागत होती. मग कागद समोर ओढला.

“गोळ्या रोज घेताय ना? एकही दिवस चुकला नाही ना? नीट आठवून सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मधेमधे सोडल्या की जंतू निर्ढावतो, मग औषधाला जुमानत नाही.”

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

“चुकल्या,” ते म्हणाले. “चार दिवस. तिने नाही, मी दिल्या नाहीत. मला वाटलं, त्यांनीच वाढतेय. तिला खोटं सांगितलं. काय करायचं ते मला करा, पण तिला...”

“घेतल्यात मी,” बायको म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले.

“चारही दिवस घेतल्या. लघवीचं विचारा हवं तर, आज सकाळीही लालच होती. त्या गोळ्यांनी होते ना तशी?”

“होते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मिळाल्या कुठे?”

“बटणांच्या डब्यात.” मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, काज-बटणं कोण करतं आपल्याकडे? तुम्ही फळीवर डबा ठेवला आणि मला आवाज वेगळा लागला. कुठला डबा कसा वाजतो हे मला कळणार नाही होय? आणि तुम्ही दुकान सोडून कुठे गेला नव्हतात. डॉक्टर काय स्वप्नात आले होते?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या हसत होत्या, पण लगेच गंभीर झाल्या.

“मग ऐका. हा जंतू शरीरात दबा धरून बसतो. शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं. त्याच्याशी भांडणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांना आवरणाऱ्याही असतात. आवरलं नाही तर भांडणात आपलंच घर मोडतं. आता औषधाने जंतू मरायला लागले, त्यांचे तुकडे सगळीकडे सांडले, आणि भांडणाऱ्यांना चेव चढला. आवरणाऱ्या कमी पडतायत. ही सूज बहुधा त्याची आहे.”

“म्हणजे जंतू मरतोय आणि गाठ वाढतेय?”

“होतं असं काहींना. पण बहुधा म्हणाले मी. सुईने आतलं पाणी काढून तपासू. औषध लागू पडतंय की नाही ते सोमवारी कळेल. तोवर गोळ्या बंद करायच्या नाहीत. काही झालं तरी नाही.”

सुई आत जाताना बायकोने मास्तरांचं मनगट धरलं. सुई बाहेर निघेपर्यंत सोडलं नाही.

परत आल्यावर दुकानाचं कुलूप काढताना मास्तरांनी विचारलं, “तुला भीती नाही वाटली? गाठ वाढत होती, तरी घेतल्यास?”

“वाटली ना. वाटायची नाही तर काय होईल? रोज गिळताना वाटायचं, आपण विषच खातोय की काय.” ती मशीनच्या स्टुलावर बसली. “पण तुम्ही इतके घाबरला होतात. दोघांनीही घाबरून बसलं तर कसं चालायचं?”

मास्तर स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, “माझ्यामुळे तू मेली असतीस.”

“मेले नाही ना. पुन्हा केलंत तर मात्र गाठ माझ्याशी आहे.”

या वेळी विनोद त्यांना लगेच कळला. हसायला गेले आणि मधेच रडू आलं. तिने त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर टेप घेऊन आले. मानेवर पट्टी होती, कडेने अजून लाल दिसत होतं. निकाल परवा, सोमवारी येणार होता.

“आज नको,” ती म्हणाली आणि त्यांच्या हातातून टेप काढून घेतला. “तुम्ही उभे राहा.”

“माझं काय?”

“उभे राहा म्हणते ना.”

तिने टेप त्यांच्या गळ्याभोवती घातला. त्यांनीच शिकवलं होतं तशी आत दोन बोटं सरकवली, गळा आवळू नये म्हणून. खिडकीकडे वळवून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

“लग्नापासून साडेपंधरा होता,” ती म्हणाली. “पंधराही भरत नाही.”

“टेप जुना झालाय.”

“टेप तोच आहे.”

तिने वही उघडली. पँटच्या मापाखाली बारीक अक्षरातली त्यांची ओळ सापडली, तिच्या गाठीचे सगळे आकडे. सगळ्यात खाली तिने त्यांचा गळा लिहिला, ठळक अक्षरात, आणि वही उघडीच ठेवली.

मग हात पुढे केला. मास्तरांनी पाकीट फोडून तिच्या तळहातावर चार गोळ्या ठेवल्या, एकेक करून, आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.