कापलेली चार मिनिटं

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यानं तो फितीवरून अलगद फिरवला. पांढरी बुरशी कापसाला चिकटून आली. फीत खाली काळीभोर, नितळ निघाली. म्हणजे कॅसेट वाचली होती. त्यानं झाकण लावलं, पाचही स्क्रू घट्ट केले, कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली आणि संगणकावर रेकॉर्डिंग सुरू करून खुर्चीत मागे टेकून बसला.

या धंद्यात घाई चालत नाही. तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो. वीस वर्षं त्यानं लग्नाचं शूटिंग केलं. पुढे जो तो आपल्या मोबाइलवर शूटिंग करायला लागला, तेव्हा त्यानं जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायला सुरुवात केली. पुढच्या खोलीत बायको पासपोर्टचे फोटो काढायची, मधे एक निळा पडदा, आणि पडद्याच्या मागे हा, परक्यांचे वाढदिवस आणि परक्यांची पहिली पावलं बघत बसलेला. आजूबाजूचे लोक त्याला कॅसेटवाला म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

ही कॅसेट गाडी शिकवणाऱ्या मॅडमची होती. भागातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेल्या, त्याची बायकोसुद्धा. मॅडम पंचावन्नच्या आसपास, केस कापलेले, डाव्या भुवईत मधोमध एक फट. सोमवारी त्या दुकानात आल्या तेव्हा कॅसेट त्यांनी ओढणीच्या टोकात गुंडाळून आणली होती.

"ह्याच्यात मी आहे," त्या म्हणाल्या होत्या. "गिटार घेऊन. रॉक गायचे मी. हसू नका."

"मी कशाला हसू?"

"मुलगी हसली. म्हणाली, आई, तू? तिला वाटतं मी जन्मले तीच सीट बेल्ट लावून."

बायको काउंटरवर खळखळून हसली होती. कॅमेरा मामाचा उसना आणलेला, शूटिंग वडिलांनी केलेलं, असं मॅडमनी सांगितलं. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती. आई गेल्यावर परवा कपाट आवरताना कॅसेट साड्यांखाली सापडली. आईनं ती कुणाला कधी बघूच दिली नव्हती.

आता पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग एक मैदान. मैदानाच्या टोकाला लाकडी फळ्यांचं स्टेज, दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. कॅमेरा हलत होता. अगदी जवळून एका पुरुषाचा आवाज आला, "दिसतंय का? लाल दिवा लागलाय म्हणजे चालू आहे ना?"

मागे तीन पोरं, एक ड्रमवर. पुढे वीस-एकवीस वर्षांची एक किडकिडीत मुलगी, तिच्यापेक्षा जड वाटणारी गिटार गळ्यात अडकवलेली. तिनं तारांवर हात मारला आणि छोट्या स्पीकरमधूनसुद्धा खोली हादरली. त्यानं आवाज कमी केला. मग परत थोडा वाढवला. मुलगी चांगली होती. सुरेल नव्हे, पण अंगात आल्यासारखी गात होती. गर्दी मात्र टवाळ होती. शिट्ट्या येत होत्या. कुणीतरी "घरी जा, घरी जा" असा ठेका धरला होता.

तो ठेका ऐकल्यावर तो खुर्चीत सरळ झाला.

मैदान त्यानं तोपर्यंत ओळखलं नव्हतं. आता डावीकडचं अर्धवट बांधलेलं पॅव्हेलियन दिसलं, त्यामागची पाण्याची टाकी दिसली आणि त्यानं मैदान ओळखलं. शेवटचं गाणं सुरू झालं होतं. 'आले तशी मी जाणार नाही,' असं काहीतरी ती गात होती. दुसऱ्या कडव्याच्या आधी गर्दीतून काहीतरी चकाकत आलं आणि तिच्या तोंडावर आदळलं. ती गुडघ्यांवर बसली.

काचेची सोड्याची बाटली. पडद्यावर ती काय आहे ते कळत नव्हतं. त्याला माहीत होतं.

"कोण आहे रे तो?" कॅमेऱ्यामागचा आवाज फाटला. कॅमेरा गर्रकन गर्दीकडे वळला, डोक्यांवरून भरकटला आणि एका पोरावर येऊन थांबला. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, मिसरूड, अजून हवेतच राहिलेला उजवा हात. शेजारचा मित्र त्याच्या पाठीवर थाप मारत होता. आणि पोरगा हसत होता.

त्यानं मशीन थांबवलं.

हा शर्ट त्याच्या मोठ्या बहिणीनं शिवला होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मित्रांनी पैज लावली होती, बाटली स्टेजपर्यंत पोचते का बघू. त्याला वाटलं होतं ती फळ्यांवर पडेल, फुटेल, मजा येईल. लागल्याबरोबर तो घाबरला आणि फाटकातून पळत सुटला. गेली चौतीस वर्षं त्याला हे असंच आठवत होतं. आठवण झाली की तो स्वतःला म्हणायचा, लहान होतो, घाबरलो. हसल्याचं त्याच्या आठवणीत कुठंच नव्हतं. इथं तर दात दिसत होते.

त्यानं पुन्हा सुरू केलं, कारण काम पुरं करायचं होतं. पोरगा वळला, गर्दीत घुसला, गेला. कॅमेरा परत स्टेजकडे आला. पुढची चार मिनिटं त्यानं खुर्चीच्या कडेवर बसून पाहिली. बघता बघता त्याचा हात तोंडावर गेला आणि तिथंच राहिला.

मग त्यानं निळा पडदा नीट ओढून घेतला, माउस हातात घेतला आणि संगणकावरच्या रेकॉर्डिंगमधून बाटली यायच्या आधीच्या क्षणापासून शेवटपर्यंतचं सगळं कापून टाकलं.

"झालं का मॅडमचं?" संध्याकाळी दुकान बंद करताना बायकोनं विचारलं.

"झालं. शेवटी फीत खराब आहे. बुरशी."

"अरे देवा. नीट करता आलं तर बघा की. माझा क्लच दोन महिने सुटत नव्हता, बाई एकदाही माझ्यावर ओरडली नाही."

"बघितलं," तो म्हणाला आणि शटर इतक्या जोरात खाली ओढलं की शेजारचा घड्याळवाला दचकून बाहेर आला.

बुधवारी पेन ड्राइव्ह आणि कॅसेट गेली. त्यानं पाकिटावर 'शेवटचा भाग खराब' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, ते बायकोच्या हाती दिलं आणि मॅडम यायच्या वेळेला स्वतः बाहेर निघून गेला.

शुक्रवारी दुपारी मात्र बाहेर पडायला सवड मिळाली नाही. निळा पडदा बाजूला सारून मॅडम सरळ आत आल्या. हातात तीच कॅसेट होती.

"बसू का?"

त्यानं स्टुलावरचे वायरींचे वेढे उचलले. त्या बसल्या. भांडायला आल्यासारख्या दिसत नव्हत्या.

"काम छान झालंय," त्या म्हणाल्या. "बाबांचा आवाज इतका स्पष्ट येईल असं वाटलं नव्हतं. पण ते शेवटचं गाणं..."

"तिथं फीत गेलीय, मॅडम. पाकिटावर लिहिलं होतं."

"वाचलं. काहीच मिळणार नाही का? चित्र नको. नुसता आवाज आला तरी चालेल."

"अवघड आहे."

त्यांनी मान हलवली. उठतील असं त्याला वाटलं. त्या उठल्या नाहीत. कॅसेट मांडीवर ठेवून तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"त्या गाण्यात मला बाटली लागली होती," त्या म्हणाल्या. "ही भुवई. सात टाके पडले. त्याचं काही नाही. पण लागल्यानंतरचं मला आठवतच नाही. डोळे उघडले ते दवाखान्यातच. बाबा म्हणायचे, तू उठलीस आणि गाणं पूर्ण केलंस. ड्रमवाला म्हणायचा, आम्हीच वाजवत होतो, तू खाली बसून होतीस. आणि बाहेर, तिथं नसलेलेसुद्धा, सगळे म्हणायचे, रडत पळून गेली. तीच गोष्ट पसरली. पुढे मी कधी स्टेजवर गेले नाही. आपण पळून गेलेलं माणूस आहोत असंच धरून चालले."

बाहेर बायको कुणाला तरी हनुवटी वर करायला सांगत होती.

"बाबा माझी समजूत काढायला म्हणत असणार, असं मला कायम वाटायचं. बाप असंच म्हणणार ना? कॅसेट सापडली तेव्हा म्हटलं, चला, एकदाचं कळेल." त्या हसल्या. "नाही कळणार. असू दे. नशिबात नसेल." त्या उठल्या. "तुम्ही मेहनत घेतलीत. येते."

त्या पडद्यापर्यंत पोचल्या होत्या. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. चौतीस वर्षं जे जमलं ते आणखी चार पावलं जमवायचं होतं.

"तुम्ही उठलात," तो म्हणाला.

त्या थांबल्या.

"काय म्हणालात?"

"उठलात तुम्ही. पूर्ण गायलात. एकाही ओळीत आवाज हलला नाही."

मॅडम वळल्या.

"फीत खराब आहे म्हणाला होतात."

त्यानं कॅसेटसाठी हात पुढे केला. त्यांनी ती लगेच दिली नाही. मग दिली. व्हीसीआरमध्ये कॅसेट घालताना त्याच्याकडून ती दोनदा तिरकी गेली.

गाणं लागलं. त्या स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या. तो त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. बाटली आली. मुलगी गुडघ्यांवर बसली. "कोण आहे रे तो?" बापाचा आवाज फाटला आणि कॅमेरा वळला. तो हसरा चेहरा पडद्यावर आला तेव्हा त्यानं डोळे मिटून घ्यायचं ठरवलं होतं. त्याला ते जमलं नाही. तोही बघत राहिला. मॅडमची मान जराही हलली नाही.

कॅमेरा परत स्टेजकडे आला. ड्रमवाला हात वर धरून थिजलेला. मुलगी एका हातानं डोळ्यावरचं रक्त पुसत उठत होती. गिटारच्या वजनानं ती एकदा कोलमडली, पुन्हा उठली. माइक खाली वाकला होता, तो तिनं वर केला. मग मागे वळून ड्रमवाल्याला काहीतरी म्हणाली आणि पायानं ठेका धरला. एक, दोन, तीन.

दुसरं कडवं तिनं जवळजवळ ओरडूनच म्हटलं. रक्त गळ्यावरून खाली ओघळत होतं. शिट्ट्या बंद झाल्या होत्या. तिसऱ्या कडव्याला मैदानात चिटपाखरू नसावं अशी शांतता होती आणि कॅमेऱ्यामागे एक मोठा माणूस, लाल दिवा चालू आहे हे विसरून, हुंदके देत होता.

गाणं संपलं. टाळ्या आधी एका कोपऱ्यातून आल्या, मग सगळीकडून. मुलगी तशीच उभी होती. मग चित्र तिरकं झालं, गवत दिसलं, आणि मुंग्या आल्या.

मॅडमनी ओढणीनं डोळे पुसले नाहीत. पाणी वाहत होतं, वाहू दिलं.

"बाबा खोटं बोलत नव्हते," त्या म्हणाल्या, त्याला उद्देशून नव्हे.

तो म्हणाला, "मॅडम, तो पट्ट्यांच्या शर्टातला..."

"दिसला."

आता त्या वळल्या. शिकाऊ माणसानं गाडी ठोकल्यावर नेमकं कुठं काय वाकलंय ते जसं बघावं तसं त्यांनी त्याचा चेहरा वरपासून खालपर्यंत निरखला. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"सगळं भरून द्या," त्या म्हणाल्या. "काही कापू नका."

"तोसुद्धा?"

"तोसुद्धा. बाबांनी काढलंय ते. मुलगी विचारेल, हा कोण. काय सांगू तिला?"

पडद्याची कडी वाजली. बायको दोन कप चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती केव्हापासून तिथं होती हे त्याला कळलं नाही. तिच्याकडे बघून कळत होतं की तिनं पुरेसं ऐकलं होतं.

"सांगा," तो म्हणाला. "सांगा, ज्यानं कॅसेट उतरवून दिली, तोच हा."

"आधी कापून," मॅडम म्हणाल्या.

"हो. आधी कापून."

बायको आत आली. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, वायरी बाजूला सारल्या आणि स्टूल मॅडमच्या मागे सरकवलं. एक कप उचलून त्यांच्या हातात दिला. दुसरा उचलला, क्षणभर हातात धरला, आणि स्वतःच उभ्या उभ्या प्यायला लागली.